बॉस्टन ते क्यूबेक, शरद ऋतूतली क्रूझ: कोणते कपडे कामाला आले

निकाल आधी सांगते, कारणं मागाहून. सप्टेंबरच्या अखेरीस बॉस्टनहून निघून कॅनडातल्या क्यूबेक शहरापर्यंत जाणाऱ्या जहाजावर आम्ही दोघांनी जे कपडे नेले, त्यांत पहिला नंबर पातळ रेनजॅकेटचा. दुसरा मरिनो, म्हणजे मरिनो जातीच्या मेंढीच्या मऊ लोकरीच्या, बनियनचा आणि तिसरा पिसांच्या हलक्या जॅकेटचा. बूट सपशेल नापास. जाड ओव्हरकोट नेलाच नव्हता आणि त्याची कुठेही आठवण झाली नाही.

हे सविस्तर लिहिते आहे, कारण माझी नणंद पुढच्या वर्षी याच फेरीला निघाली आहे आणि रोज फोनवर विचारते, "वहिनी, स्वेटर किती घेऊ?" स्वेटर किती हा प्रश्न इथे कामाचा नाही. या फेरीत थंडी फार नसते, ती सारखी बदलते. बॉस्टनच्या धक्क्यावर दुपारी वीस अंश, अर्ध्या बाह्यांवर लोक फिरत होते. क्यूबेकला ऑक्टोबरात दुपारी दहा-बारा अंश, आणि पहाटे तीन-चार. हा फरक आठवड्याभरात पसरलेला असता तर सोपं होतं, पण तो एकाच दिवसात पुन्हापुन्हा भेटतो. वाटेतल्या बार हार्बर गावात उन्हात आइस्क्रीम खाणारी माणसं दिसतात आणि तिथूनच बसने कॅडिलॅक डोंगरावर गेलात, की माथ्यावर उभं राहवत नाही. डोंगर आहे जेमतेम १,५३० फुटांचा, म्हणजे आपल्या सिंहगडापेक्षा बराच बुटका, पण थेट समुद्राच्या काठी उभा. मध्ये वारा अडवायला काही नाही.

खरा त्रास देतो तो वाराच. मी शाळेत भूगोल शिकवायचे, म्हणून हिशेब मांडूनच सांगते. जहाज वीस नॉट वेगाने चाललं की हवा अगदी स्तब्ध असली तरी डेकवर ताशी ३७ किलोमीटरचा वारा लागतो. तापमान दहा अंश असेल तर त्या वाऱ्यात उघड्या अंगाला ते सहाच्या आसपास वाटतं. समोरून वारा असला तर आणखी कमी. लोकरीचा हाताने विणलेला स्वेटर, कितीही जाड असो, या वाऱ्यापुढे चाळणी ठरतो. टाक्यांमधून वारा आत शिरतो आणि अंगाजवळची गरम हवा घेऊन जातो. त्यावर झुळूकही आत न जाऊ देणारं काहीतरी चढवलं, की तोच स्वेटर दुप्पट ऊब देतो. म्हणून पहिला नंबर रेनजॅकेटला.

आमची दोन्ही रेनजॅकेट पुण्यातल्या डेकॅथलॉनमधली, प्रत्येकी अडीच हजारांच्या आतली. दुकानात घेताना काय पाहायचं ते सांगते. बाही उलटी करा आणि शिवणीवर आतून चकचकीत पट्टी चिकटवलेली आहे का ते बघा. पट्टी नसेल तर कापड कितीही चांगलं असो, सुईच्या भोकांतून पाणी येतंच. लेबलवर ५,००० किंवा १०,००० मिलिमीटर असा आकडा असतो, तो कापड किती उंचीच्या पाण्याचा दाब सोसतं याचा. रिमझिम आणि वारा यांना पाच हजार पुरतात. मग टोपी. डोक्यामागे ओढायची नाडी हवी, नाहीतर तुम्ही मान वळवता तेव्हा टोपी समोरच राहते आणि एक डोळा झाकला जातो. मनगटाला चिकटपट्टी हवी. लांबी कमरेखाली हवी, कारण ओल्या बाकावर बसायचं असतं. आणि मापाने एक नंबर मोठं घ्या. दुकानातच आत स्वेटर आणि पिसांचं जॅकेट घालून, वर हे चढवून, दोन्ही हात वर करून बघा. काखेत ओढलं जात असेल तर ते परत ठेवा.

एक बारकी गोष्ट, जी कुठल्या लेबलवर लिहिलेली नसते. छातीवर चेनचा खिसा असलेलं जॅकेट शोधा. जहाजावरून उतरताना आणि परत चढताना दर वेळी केबिनचं कार्ड दाखवावं लागतं, सोबत ओळखपत्रही. बाहेरून येताना बोटं गारठलेली असतात, मागे रांग असते. पर्स उघडायची, आतला कप्पा उघडायचा, त्यातून कार्ड काढायचं, हे सगळं थंड बोटांनी होत नाही. छातीच्या खिशात कार्ड असलं की चेन खाली ओढून दोन बोटांत ते हातात येतं. ह्यांच्या जॅकेटला तो खिसा होता, माझ्याला नव्हता, त्यामुळे दोघांचीही कार्डं ह्यांच्याकडेच राहिली.

जॅकेटची खरी परीक्षा झाली पेगीज कोव्हला. कॅनडातल्या हॅलिफॅक्स बंदरापासून बसने तासाभराच्या आतलं हे कोळ्यांचं गाव. गुळगुळीत ग्रॅनाइटच्या अवाढव्य खडकांवर पांढरा दीपस्तंभ उभा, १९१५ सालचा. हॅलिफॅक्सहून निघालो तेव्हा लख्ख ऊन होतं. बसमधून उतरलो तर समुद्रावरून आडवा पाऊस. आडवाच म्हणायला हवा, कारण तो वरून पडत नव्हता, तोंडावर येत होता. छत्र्या घेतलेल्या लोकांच्या छत्र्या पहिल्या दोन मिनिटांत उलट्या झाल्या. आम्ही टोप्यांच्या नाड्या ओढल्या, मनगटाच्या पट्ट्या आवळल्या आणि खडकांवर निवांत हिंडलो. काळ्या, ओल्या खडकांवर पाय ठेवू नका अशा पाट्या तिथे लावलेल्या आहेत. त्या गांभीर्याने घ्या, लाटांनी तिथून माणसं ओढून नेलेली आहेत. थोड्या वेळाने ऊन आलं, जॅकेट झटकलं, घडी करून पिशवीत गेलं. छत्री या फेरीला नेऊ नका. क्यूबेकच्या गल्ल्यांत ती चालेल, बाकी कुठेही नाही.

आता पिसांच्या जॅकेटबद्दल. हे युनिक्लोचं, मुंबईत कुर्ल्याच्या मॉलमधून घेतलेलं. हातात घेतलं की वजनच जाणवत नाही, आणि घडी करून सोबतच्या पिशवीत कोंबलं की लिटरच्या पाण्याच्या बाटलीएवढं होतं. बसमध्ये, दुकानात, संग्रहालयात सगळीकडे हीटर चालू असतात, त्यामुळे दिवसातून अनेकदा वरचा थर काढायचा आणि चढवायचा असतो. काढलेलं जॅकेट हातावर वागवत फिरायचं नसेल तर ते असं लहान होणारंच हवं. ऊब उत्तम. समुद्रातल्या दिवशी, सेंट लॉरेन्सच्या आखातात शिरताना, पहाटे डेकवर सूर्योदय बघायला गेलो तेव्हा हे जॅकेट आणि त्यावर रेनजॅकेट एवढ्यावर भागलं.

मग तिसरा नंबर का? कारण पिसं ओली झाली की त्यांचा गोळा होतो आणि ऊब संपते. हा कुठल्या एका कंपनीचा दोष नाही, पिसांचा स्वभावच तो. त्यामुळे हे जॅकेट भुरभुर पावसात एकटं चालत नाही, वर पाणी अडवणारं काहीतरी लागतंच. उलट रेनजॅकेट एकटंही चालतं. दुसरं असं की ही पिसं बदकाची किंवा हंसाची असतात. ज्यांना ती अंगावर नको असतील त्यांनी कृत्रिम तंतू भरलेलं जॅकेट घ्यावं. पिशवी थोडी मोठी होते, पण दमट हवेत ते पिसांपेक्षा बरं टिकतं. माझ्या मैत्रिणीला मी तेच घ्यायला सांगितलं आहे.

मरिनोच्या बनियनवर मी मनापासून जीव टाकते. आपल्याकडे थर्मल म्हणजे नोव्हेंबरात लक्ष्मी रोडवर मिळणारं ते जाड, सुती, रेघांचं. घरात बसायला ते छान. पण क्यूबेकला काय होतं बघा. जुनं शहर दोन पातळ्यांवर वसलेलं आहे. खाली पेटी शांप्लेनच्या चिंचोळ्या गल्ल्या, वर शातो फ्रोंतनाक हे १८९३ सालचं किल्ल्यासारखं हॉटेल. मध्ये खडा चढ. फ्युनिक्युलर, म्हणजे दोराने वर ओढला जाणारा रुळांवरचा डबा आहे, पण आम्ही जिन्याने गेलो. वर पोहोचेपर्यंत पाठ घामाने ओली. आणि वर हॉटेलसमोर लाकडी फळ्यांची लांबलचक गच्ची, सेंट लॉरेन्स नदीवरून येणारा वारा थेट अंगावर. सुती बनियन घातलेलं असतं तर तो घाम तिथेच गार पडला असता आणि हुडहुडी भरली असती. मरिनो ओलं झालं तरी अंगाला गार लागत नाही, आणि हळूहळू अंगावरच आपलं आपण कोरडं होत जातं.

त्याला वासही येत नाही. हे मी आधी वाचलं होतं, पण खरं वाटलं नव्हतं. दोघांनी दोन-दोन बनियनं नेली आणि आलटून पालटून घातली. रात्री बेसिनमध्ये कोमट पाण्यात बुचकळायचं, पिळायचं नाही, टॉवेलात गुंडाळून दाबायचं आणि न्हाणीतल्या दोरीवर टाकायचं. जहाजातली हवा इतकी कोरडी असते की सकाळी तयार. महाग आहे, एका बनियनला दोन-अडीच हजार सहज पडतात. बजेट कमी असेल तर पिसांच्या जॅकेटवरचे पैसे वाचवा, घरचा स्वेटर घ्या, पण अंगालगतचा थर चांगला घ्या.

पायांचं थोडक्यात. जीन्स एकच, तीही प्रवासात घालायला. ओली जीन्स दिवसभर वाळत नाही आणि मांड्यांना गार फडक्यासारखी चिकटून बसते. ट्रेकिंगच्या पातळ पँटी दोन, संध्याकाळी हवा तर आत मरिनोचा पायजमा.

बुटांची तक्रार करायलाच हवी. कंपनीचं नाव लिहीत नाही. खोक्यावर मोठ्या अक्षरांत लिहिलं होतं की पाणी आत येणारच नाही, किंमतही त्या मानाने होती. शार्लटटाउनला, प्रिन्स एडवर्ड आयलंडवर, आदल्या रात्री पाऊस झालेला. तिथली माती कोकणासारखी तांबडी, लोहाने रंगलेली. किनाऱ्यालगतच्या ओल्या गवतातून जरा चाललो आणि डाव्या पायाचा मोजा चिंब. बोटांच्या वर जिथे चामडं आणि जाळी जोडलेली असते, तिथून पाणी येत होतं. शिवाय मोज्यावर तांबडा डाग पडला, तो अजून गेलेला नाही. परत आल्यावर फोटो काढून कंपनीला पाठवले. उत्तर आलं की परत करण्याची मुदत संपली आहे. म्हणून सांगते, या फेरीसाठी बूट घेतलेत तर मुदत असतानाच घरी बादलीत घोट्याखाली येईल एवढं पाणी घ्या, बूट घालून त्यात दहा मिनिटं उभ्या राहा. मोजा कोरडा निघाला तरच बॅगेत. आणि लोकरीचे मोजे न्या, बूट ओला झाला तरी पाय गारठत नाही. माझा पाय त्या दिवशी मोज्यामुळेच वाचला.

कानटोपीला मात्र पर्याय नाही. बार हार्बरला बहुतेक वेळा जहाज धक्क्याला लागत नाही, समुद्रातच नांगर टाकतं आणि लहान बोटीने किनाऱ्यावर नेतात. त्या बोटीवर उघड्यावर बसलात तर लाटांचे तुषार आणि वारा दोन्ही सोसायचे. तिथे मफलर उडतो, ओढणी उडते, कॅप तर पहिल्या झुळकीत समुद्रात जाते. कानांवरून खाली येणारी घट्ट लोकरी टोपी जागची हलत नाही. हे सुरुवातीला कानटोपी घालायला लाजत होते. कॅनडातल्या सेंट जॉन बंदरात फंडीच्या उपसागराची भरती बघायला नदीकाठी उभे राहिलो, तेव्हा त्यांनी आपणहून ती मागून घेतली. तिथे पाणी आठ-साडेआठ मीटर चढतं आणि भरतीच्या जोराने नदीचा प्रवाहच उलटा वाहू लागतो. ते बघायचं म्हणजे एका जागी बराच वेळ थांबायचं, आणि चालताना लागत नाही ती थंडी उभं राहिलं की लागते. नंतर तिथल्या जुन्या मंडईत शिरलो. १८७६ सालची इमारत, आत उबदार, आणि टोपल्यांत जांभळट सुकवलेलं समुद्रशेवाळ विकायला, डल्स म्हणतात त्याला. चवीला खारट, सुक्या मासळीच्या वळणाचं. तिथे दारातच टोपी, जॅकेट, सगळं उतरवून पिशवीत भरलं.

आता साडी. जहाजावर एक-दोन संध्याकाळी नटूनथटून जेवायला यायची पद्धत असते. पुरुष कोट घालतात, बायका लांब झगे. मला काही मैत्रिणींनी सांगितलं की थंडीत साडी कशाला, एखादा ड्रेस घे. मी रेशमी साडी नेली आणि ती निवड शंभर टक्के बरोबर होती. रेशीम उबदार, घडी लहान, चुरगळली तरी रात्रभर टांगून ठेवली की सरळ होते. परकराखाली मरिनोचा पायजमा कुणाला दिसत नाही. पूर्ण बाह्यांचं ब्लाउज शिवून घेतलं होतं. जेवणाच्या दालनात आणि नाटकगृहात एसी इतका असतो की उघड्या खांद्यांच्या बायका शाली मागवत होत्या. पायात सपाट, रबरी तळाचे बूट घाला, उंच टाचा नकोत. समुद्र जरा खवळला की जिन्यावर चाल डुलते, साडी सांभाळायची की कठडा, असं होऊन बसतं. शाल एक न्या, पश्मिन्याची असो वा साधी कुलूची. विमानात, नाटकाला, डेकवरच्या खुर्चीत, बॅगेतली सगळ्यात जास्त वापरली गेलेली गोष्ट तीच असेल.

जहाजाचे काही नियम कपड्यांच्या मुळावर येतात, ते आधी माहीत असलेले बरे. केबिनमध्ये इस्त्री नेता येत नाही, वाफेची सुद्धा नाही. आगीची भीती म्हणून बॅग तपासताना काढून घेतात. तेव्हा कडक सुती शर्ट, कॉटनची स्टार्चची साडी, हे घरीच ठेवा. काही जहाजांवर स्वतः कपडे धुवायची मशिनं असतात, काहींवर नसतात. तिकीट काढतानाच विचारा, बॅगेचं निम्मं वजन त्या एका उत्तरावर ठरतं. केबिनच्या भिंती बहुधा लोखंडी पत्र्याच्या असतात, त्यामुळे लोहचुंबकाचे हुक न्या. ओली जॅकेटं, टोप्या, पिशव्या सगळं त्यांवर टांगता येतं, नाहीतर त्या एवढ्याशा जागेत खुर्चीवर ढीग होतो.

पहिल्या दिवशी मोठी बॅग धक्क्यावरच देऊन टाकावी लागते, ती केबिनशी यायला संध्याकाळ होऊ शकते. आणि बंदर सोडताना डेकवर उभं राहायची मजा त्याच वेळी असते. तेव्हा रेनजॅकेट, टोपी आणि औषधं हातातल्या पिशवीतच ठेवा. शेवटच्या रात्रीही मोठी बॅग दाराबाहेर ठेवायची असते, ती थेट उतरल्यावर मिळते. दुसऱ्या दिवशीचे सगळे कपडे, मोज्यांसकट, आधी बाजूला काढा.

बंदरांप्रमाणे कपडे ठरवून बॅग भरायच्या फंदात पडू नका. सप्टेंबर-ऑक्टोबर हा अटलांटिकमधल्या वादळांचाही काळ. २०२२ साली फियोना वादळ २४ सप्टेंबरला नोव्हा स्कोशियावर, म्हणजे हॅलिफॅक्स ज्या प्रांतात आहे त्यावर, आदळलं होतं. अशा वेळी जहाज बंदर बदलतं, क्रम बदलतं, कधी एखादं बंदर गाळून समुद्रातच राहतं. हॅलिफॅक्ससाठी काढून ठेवलेला पोशाख घालून तुम्ही भलत्याच गावात उतराल. कुठलाही कपडा कुठल्याही कपड्यावर चढला पाहिजे, हे बघा म्हणजे झालं. आमच्या दोघांचं मिळून सामान एक मोठी बॅग आणि दोन पाठपिशव्यांत मावलं.

खरेदी इथे की तिथे, हेही नणंद विचारते. सप्टेंबरात निघायचं तर आपल्या बाजारात गरम कपडे आलेलेच नसतात, लक्ष्मी रोडवर दुकानदार दिवाळीनंतर या म्हणतात. डेकॅथलॉनमध्ये ट्रेकिंगच्या विभागात मात्र बारा महिने माल असतो, म्हणून रेनजॅकेट, पँटी, लोकरी मोजे तिथून. ज्यांची मुलं बॉस्टनच्या बाजूला आहेत त्यांनी मरिनो आणि बूट तिथे घेतले तर सोयीचं. बॉस्टन ज्या राज्यात आहे त्या मॅसॅच्युसेट्समध्ये १७५ डॉलरपर्यंतच्या कपड्यावर किंवा बुटावर विक्रीकर लागत नाही, आणि नापास बूट परत करायला लेक-जावई तिथे असतात.

झाडांचा लाल-केशरी रंग ऐन भरात बघायचा म्हणून काही जण ऑक्टोबरच्या मध्यानंतरची फेरी घेतात. त्यांनी या यादीत हातमोजे वाढवावेत, असे की ज्यातून मोबाइलचा पडदा चालतो, नाहीतर फोटोसाठी दर वेळी काढावे लागतात. पिसांचं जॅकेट त्यांच्यासाठी पहिल्या दोनांत येईल. आणि कानटोप्या माणशी दोन, कारण एक वाऱ्याने किंवा बसमध्ये हमखास जाते आणि जहाजावरच्या दुकानात ती चौपट किमतीला घ्यावी लागते.